जुनी पत्रं आणि पोस्टकार्डं टीईआयमध्ये एन्कोड करताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पत्रांचा एक गठ्ठा समोर आहे, त्याची अभ्यासकांच्या कामी येईल अशी डिजिटल आवृत्ती काढायची आहे आणि "टीईआयमध्ये करा" एवढंच कोणीतरी सांगितलं आहे. इथून पुढे बहुतेक जण अडतात. टीईआयची मार्गदर्शिका हजाराहून अधिक पानांची, त्यात टॅग (म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना लावायच्या खुणा) पाचशेहून अधिक, आणि आपल्या पत्राला त्यातले कोणते लागतील हे कुठेच सरळ लिहिलेलं नसतं. मी या कामातून गेले आहे. ज्या क्रमाने ते केलं तर कमी त्रास होतो, तो क्रम इथे देते.

टीईआय म्हणजे टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह. 1987 मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प मजकुरावर खुणा कशा करायच्या याचे सामाईक नियम ठरवतो. सध्या चालते ती पी5 आवृत्ती 2007 ची, आणि तिच्यात सुधारणा होत राहतात. पत्रं करणाऱ्यांसाठी यातलं महत्त्वाचं वर्ष 2015. पत्र कोणी, कुठून, कधी, कोणाला पाठवलं हे नोंदवायची खास जागा टीईआयमध्ये त्या वर्षी आली. त्याआधी प्रत्येक प्रकल्प ही माहिती आपापल्या पद्धतीने लिहीत असे. म्हणून एखाद्या जुन्या प्रकल्पाची फाइल नमुना म्हणून उतरवून घेणार असाल, तर आधी ती कधीची आहे ते बघा.

सगळ्या पायऱ्यांना लागू पडणारा एकच नियम आहे. कागदावर काय आहे आणि आपण काय ठरवलं, या दोन गोष्टी फाइलमध्ये कायम वेगळ्या दिसल्या पाहिजेत. तारीख पत्रात लिहिली आहे, की शिक्क्यावरून काढली? नाव पूर्ण आहे, की आद्याक्षरांवरून ओळखलं? शब्द वाचता आला, की संदर्भाने भरला? वीस वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला हे तुम्हाला न विचारता कळायला हवं. पुढच्या बहुतेक सूचना याच नियमातून आल्या आहेत.

टॅगची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत, एकेरी अवतरणात लिहिते आहे. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप होतात आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो, त्यामुळे नेमकं स्पेलिंग टीईआयच्या संकेतस्थळावरच्या टॅगसूचीतून उचला.

सुरुवातीला काय हाताशी हवं

- प्रत्येक पानाची, मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूंची, रंगीत प्रतिमा. पाकीट आणि कोऱ्या बाजूसुद्धा.
- मूळ पत्रं कोणाकडे आहेत, त्यांचा संग्रह क्रमांक काय, याची यादी.
- प्रतिमा आणि मजकूर प्रकाशित करण्याची लेखी परवानगी, किंवा ती का लागत नाही याची नोंद.
- एक्सएमएल (टीईआय फाइली ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती) समजणारा संपादक, म्हणजे लिहिण्याचं सॉफ्टवेअर. ऑक्सिजन हा या क्षेत्रात सर्वाधिक वापरला जातो, पण तो विकत घ्यावा लागतो. फुकट हवा असेल तर व्हीएस कोड आणि त्यावर स्कॉलरली एक्सएमएल हे एक्स्टेन्शन पुरेसं आहे.
- एक स्प्रेडशीट.
- गिटसारखी आवृत्त्या सांभाळणारी सोय. एकटेच काम करत असलात तरीही.

1. हक्क आधी तपासा

पत्राचा कागद ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे मजकुराचा कॉपीराइट असतोच असं नाही. बहुतेक देशांत तो लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो. ज्याला पत्र आलं, त्याने ते संग्रहालयाला दिलं म्हणून हक्क तिकडे जात नाही. मुदतही देशागणिक वेगळी आहे. अनेक ठिकाणी लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं, काही ठिकाणी 60 किंवा 50. पत्रव्यवहार दोन्हीकडचा असेल तर प्रत्येक लिहिणाऱ्यासाठी वेगळा हिशेब करावा लागतो. प्रसिद्ध व्यक्तीची पत्रं मुक्त झालेली असतात आणि तिला उत्तर लिहिणाऱ्या, कितीतरी नंतर वारलेल्या मैत्रिणीची नसतात, असं नेहमी होतं.

प्रतिमांसाठी संग्रहालयाच्या अटी वेगळ्या असतात, त्या लेखी घ्या. पत्रात कुणाच्या आजाराचा, कर्जाचा, घरगुती भांडणाचा उल्लेख असेल आणि ती माणसं किंवा त्यांची मुलं हयात असण्याची शक्यता असेल, तर कायदा काय म्हणतो हे बघून थांबू नका, काय छापणं योग्य हेही संपादक म्हणून ठरवा आणि त्या निर्णयाची नोंद ठेवा.

2. यादी करा, क्रमांक द्या

एन्कोडिंगला हात लावण्याआधी संपूर्ण गठ्ठ्याची स्प्रेडशीट करा. एका पत्राची एक ओळ: क्रमांक, पाठवणारा, घेणारा, कागदावरची तारीख जशी लिहिली आहे तशी, तुम्ही ठरवलेली तारीख वेगळ्या स्तंभात, ठिकाण, पानं, भाषा, संग्रह क्रमांक, प्रतिमांची नावं, पाकीट आहे की नाही. पुढे याच तक्त्यातून प्रत्येक फाइलचं हेडर (पत्राबद्दलची माहिती असलेला सुरुवातीचा भाग) आपोआप तयार करून घेता येतं. शेकडो हेडर हाताने लिहिण्यात जाणारा वेळ वाचतो आणि टायपातल्या चुकाही टळतात.

फाइलच्या नावात तारीख किंवा माणसाचं नाव घालू नका. मोह होतो, कारण यादी छान क्रमाने लागते. पण संपादन चालू असताना तारखा बदलतात, "अनोळखी" पत्रलेखक ओळखू येतात, आणि मग नाव बदलावं तर सगळे दुवे तुटतात. साधा, अर्थ नसलेला अनुक्रमांक घ्या आणि तो कधीही बदलू नका. फाइलच्या आत टॅगला ओळखक्रमांक देताना तो अंकाने सुरू करू नका. एक्सएमएलला ते चालत नाही. आधी एखादं अक्षर, मग अंक.

3. संपादनाचे नियम कागदावर उतरवा

ही पायरी टाळली की पन्नासाव्या पत्रापाशी काम ठप्प होतं, कारण पहिल्या दहा पत्रांत एक पद्धत असते आणि नंतरच्यांत दुसरी. तीन-चार पानांचं टिपण पुरतं. त्यात या प्रश्नांची उत्तरं हवीत. मूळ ओळी जिथे तुटतात तिथेच तोडायच्या का? लेखकाच्या शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवायच्या, की सोबत दुरुस्त रूप द्यायचं? संक्षेप उलगडायचे का? अधोरेखा, मोठी अक्षरं, दुहेरी अधोरेखा यांचा फरक जपायचा का? छापील मथळ्याचा मजकूर घ्यायचा का?

सगळं घेऊ, असं म्हणावंसं वाटतं. तसं म्हणू नका. प्रत्येक प्रकारची खूण म्हणजे प्रत्येक पत्रावर वाढलेला वेळ, आणि अर्ध्या पत्रांवर केलेली खूण शोधाच्या दृष्टीने निरुपयोगी, कारण उरलेल्या अर्ध्यांत ती गोष्ट नाही की तुम्ही नोंदवली नाही, हे वाचकाला कळत नाही. ज्या प्रश्नांसाठी आवृत्ती वापरली जाणार आहे त्यांना लागेल तेवढंच, पण सगळ्या पत्रांवर सारखं.

ठरवलेले टॅग तेवढेच ठेवून बाकीचे बंद करणारी स्वतःची स्कीमा (फाइलमध्ये काय चालेल याची यंत्राला वाचता येणारी नियमावली) बनवता येते. त्यासाठी टीईआयचं रोमा नावाचं ऑनलाइन साधन आहे. पाचशेऐवजी चाळीस-पन्नास टॅग उरले की संपादकात चुकीचा टॅग लागण्याची शक्यताच कमी होते. पण हे आधी वेगवेगळ्या स्वरूपाची दहा-बारा पत्रं करून झाल्यावर करा. पहिल्या दिवशी आपल्याला काय लागणार हे माहीत नसतं.

4. मजकूर उतरवणं

हस्ताक्षर ओळखणारी ट्रान्सक्रिबस आणि ई-स्क्रिप्टोरियम ही साधनं आता चांगली झाली आहेत. एकाच माणसाची पुष्कळ पत्रं असतील तर त्यांना त्या हस्ताक्षराचं शिक्षण देणं परवडतं. पाच माणसांची चार-चार पत्रं असतील तर हाताने टाइप करणं लवकर होतं. यंत्राने वाचलेला मजकूर वरवर फार नीट दिसतो. शब्द खरे असतात, वाक्य लागतं, फक्त लेखकाने तो शब्द लिहिलेला नसतो. म्हणून प्रतिमेशी अक्षर न् अक्षर ताडून बघणं सुटत नाही. एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने प्रतिमेवर बोट ठेवून ऐकावं, ही जुनी पद्धत आजही सगळ्यात जास्त चुका पकडते. वाचणाऱ्याने विरामचिन्हंही उच्चारायची.

मजकूर युनिकोडमध्ये, यूटीएफ-8 म्हणून साठवा. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवू नका. त्यातून नकळत वळणदार अवतरणचिन्हं आणि न दिसणाऱ्या मोकळ्या जागा येतात.

5. हेडर आणि पत्राचा प्रवास

प्रत्येक टीईआय फाइलला ‘टीईआय हेडर’ असतो. त्यात शीर्षक, प्रकाशनाची माहिती आणि मूळ कागदाचं वर्णन हे तीन भाग सक्तीचे आहेत. मूळ कागदाच्या वर्णनात संग्रह, क्रमांक, आकार, शाई, घड्या, मोहोर आणि नुकसान जातं. इथे फार वेळ घालवायची गरज नाही. यादीतलं भरा आणि पुढे चला.

वेळ घालवायचा तो ‘कॉरेस्प-डेस्क’वर. हा ‘प्रोफाइल-डेस्क’च्या आत बसतो. यात पत्राच्या प्रवासातल्या एकेका कृतीसाठी ‘कॉरेस्प-ॲक्शन’ असतो: पाठवलं, मिळालं, आणि गरज पडली तर पुढे धाडलं किंवा पत्ता बदलून वळवलं. प्रत्येक कृतीत माणूस, ठिकाण आणि तारीख. जवळच असलेल्या ‘कॉरेस्प-कॉन्टेक्स्ट’मध्ये मागचं पत्र कोणतं, पुढचं कोणतं, हे कशाचं उत्तर आहे, हे दुवे देता येतात.

इथे नवख्यांची एक गडबड ठरलेली असते. पत्राच्या माथ्यावर लिहिलेलं गाव आणि तारीख दोन ठिकाणी लागतात, आणि दोन्ही ठिकाणी लागायलाच हवीत. मजकुरात ती लेखकाने लिहिली तशी, ‘डेटलाइन’मध्ये. हेडरमध्ये ती तुमच्या निष्कर्षानुसार, प्रमाण रूपात. लेखकाने "मंगळवार, संध्याकाळी" एवढंच लिहिलं असेल तर मजकुरात तेवढंच राहतं आणि हेडरमध्ये तुम्ही शोधून काढलेली तारीख येते. हेडरमधली तारीख मजकुरात घुसवू नका, आणि दोन्हीकडे तेच लिहिलंय म्हणून एक गाळूही नका.

पत्र एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने उतरवलं, किंवा नवरा-बायको दोघांनी मिळून लिहिलं, असं पुष्कळदा असतं. पाठवणारे दोघेही ‘पाठवलं’ या कृतीत लिहा. हस्ताक्षर कोणाचं ही वेगळी माहिती आहे, ती ‘हँड-नोट’मध्ये जाते, आणि मजकुरात हात जिथे बदलतो तिथे ‘हँड-शिफ्ट’.

6. तारखा

पत्रांच्या आवृत्तीत तारखेइतकी किचकट गोष्ट दुसरी नाही. विन्सेंट व्हॅन गॉगच्या पत्रांची 2009 ची आवृत्ती बघा. तिच्यात 902 पत्रं आहेत, त्यातली 819 त्याने लिहिलेली. बऱ्याच पत्रांवर तारीख नाही. संपादकांनी ती मजकुरातल्या खुणांवरून बसवली आणि कशावरून बसवली ते प्रत्येक पत्राखाली लिहिलं. तुमची आवृत्ती लहान असली तरी पद्धत हीच ठेवा.

प्रमाण तारीख ‘व्हेन’ या ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगला जोडलेल्या माहितीच्या रकान्यात) वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहायची. फक्त वर्ष आणि महिना माहीत असेल तर तेवढंच लिहा. दिवस माहीत नाही म्हणून एक तारीख टाकणं हा खोटा पुरावा होतो, आणि तो पुढे कालपटावर, आलेखावर, दुसऱ्याच्या प्रबंधात जाऊन बसतो.

नक्की दिवस माहीत नसेल तर ‘नॉट-बिफोर’ आणि ‘नॉट-आफ्टर’ ही जोडी वापरा: या दिवसाच्या आधीचं नाही, त्या दिवसाच्या नंतरचं नाही. याऐवजी ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ वापरणं ही सर्रास होणारी चूक आहे. ‘फ्रॉम-टू’चा अर्थ पत्र या दिवसापासून त्या दिवसापर्यंत लिहिलं जात होतं असा होतो. तीन दिवस बोटीवर बसून लिहिलेल्या पत्रासाठी तो बरोबर आहे, एका दिवसात लिहिलेल्या पण दिवस माहीत नसलेल्या पत्रासाठी नाही. खात्री किती आहे हे ‘सर्ट’ने नोंदवा, आणि तर्क एका छोट्या टिपेत लिहा.

दिनदर्शिकेचा सापळा वेगळाच. ब्रिटनने ग्रेगोरियन दिनदर्शिका 1752 मध्ये घेतली, रशियाने 1918 मध्ये. एकोणिसाव्या शतकात रशियातून निघालेल्या पत्रावरची तारीख पश्चिम युरोपातल्या तारखेच्या 12 दिवस मागे असते, 1900 च्या मार्चनंतर 13 दिवस. त्यामुळे उत्तर मूळ पत्राच्या आधी पोचलेलं दिसू शकतं. इंग्लंडमध्ये 1752 च्या आधी कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. 10 फेब्रुवारी 1710 असं तिथल्या पत्रावर असेल तर आजच्या हिशेबाने ते वर्ष 1711 असण्याची दाट शक्यता आहे. लेखकाची तारीख मजकुरात तशीच ठेवायची, तिची दिनदर्शिका ‘कॅलेंडर’ ॲट्रिब्यूटने सांगायची आणि ‘व्हेन’मध्ये ग्रेगोरियन रूप द्यायचं.

7. पत्राचा मजकूर

सुरुवातीचा भाग ‘ओपनर’मध्ये जातो: ठिकाण-तारखेची ‘डेटलाइन’, मायन्याचा ‘सॅल्यूट’. मधला मजकूर ‘पी’ या परिच्छेदांत. शेवट ‘क्लोजर’मध्ये, त्यात निरोपाचे शब्द आणि सहीचा ‘साइन्ड’. ताजा कलम ‘पोस्टस्क्रिप्ट’मध्ये. पान बदलतं तिथे ‘पीबी’, ओळ बदलते तिथे ‘एलबी’. हे दोन्ही रिकामे टॅग आहेत, त्यांच्या आत काही बसत नाही. शब्द दोन ओळींत तुटला असेल तर ‘एलबी’ला ‘ब्रेक’ची किंमत ‘नो’ द्या, नाहीतर शोधात तो शब्द दोन तुकड्यांत राहील.

माणसं मात्र अशी ओळीने लिहीत नाहीत. सही केल्यावर पुन्हा दोन परिच्छेद लिहितात, पुन्हा सही करतात, मग कोऱ्या कडेने वर जातात. ‘क्लोजर’नंतर सरळ ‘पी’ टाकलात तर फाइल अवैध होते, आणि बहुतेकांच्या पहिल्याच आठवड्यात ही चूक लाल रंगात समोर येते. नंतरचा मजकूर खरोखर ताजा कलम असेल तर ‘पोस्टस्क्रिप्ट’ लावा. दुसऱ्या दिवशी चालू ठेवलेलं पत्र असेल, किंवा दुसऱ्या माणसाने खाली आपला मजकूर जोडला असेल, तर तो नवा ‘डिव्ह’ (मजकुराचा स्वतंत्र विभाग) करा आणि आधीचं पत्रही एका ‘डिव्ह’मध्ये ठेवा.

समासातल्या मजकुराकडे लक्ष द्या. समासात लिहिलं आहे म्हणून ते ‘ॲड’ होत नाही. ‘ॲड’ म्हणजे लिहून झालेल्या वाक्यात नंतर घातलेली भर. कागद संपला म्हणून लेखक समासात वळला असेल तर तो पत्राचा पुढचा भाग आहे. त्याला वाचनाच्या क्रमात बसवा आणि जागा बदलल्याची खूण करा. एकोणिसाव्या शतकातल्या काही पत्रांत पान भरल्यावर कागद आडवा फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहिलेलं दिसतं. ब्रिटनमध्ये 1840 च्या आधी टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर असे, पाकीटही एक कागद म्हणून मोजलं जाई. म्हणून लोक एकाच कागदात सगळं कोंबत आणि पत्ता त्याच कागदाच्या बाहेरच्या घडीवर लिहीत. अशा पत्रासाठी प्रतिमेवर ‘झोन’ आखून त्याला ‘रोटेट’ने कोन दिला, तर कोणता मजकूर कोणत्या दिशेने आहे हे वाचकाला प्रतिमेशी जुळवून बघता येतं.

8. खोडलेलं, पुसटलेलं, फाटलेलं

खोडलेलं ‘डेल’, नंतर घातलेलं ‘ॲड’, खोडून त्या जागी दुसरं घातलेलं असेल तर दोन्ही ‘सब्स्ट’च्या आत. हे लेखकाने केलेले बदल.

वाचायला कठीण पण वाचता आलेलं ‘अनक्लिअर’. वाचताच न आलेलं ‘गॅप’, त्यात कारण आणि अंदाजे किती अक्षरं किंवा शब्द. कागद फाटून गेलेलं पण तुम्ही तर्काने भरलेलं ‘सप्लाइड’. ही तुमची कामं. या तिघांची सरमिसळ होऊ देऊ नका. ‘अनक्लिअर’ म्हणजे शाई तिथे आहे. ‘सप्लाइड’ म्हणजे तिथे शाई नाही, शब्द तुमचा आहे.

संक्षेप उलगडायचा असेल तर ‘चॉइस’च्या आत मूळ संक्षेप आणि उलगडलेलं रूप शेजारी शेजारी ठेवा. लेखकाची चूक आणि दुरुस्तीही तशीच. मूळ रूप काढून टाकू नका. पडद्यावर कोणतं दाखवायचं हे नंतर ठरवता येतं, पण फाइलमधून गेलेलं परत मिळत नाही.

खोडाखोड दोन परिच्छेदांवर पसरली असेल तर ‘डेल’ची सुरुवात एका परिच्छेदात आणि शेवट दुसऱ्यात करता येत नाही, कारण एक्सएमएलमध्ये टॅग एकमेकांना छेदू शकत नाहीत. त्यासाठी ‘डेल-स्पॅन’ आहे: सुरुवातीला तो, शेवटी ‘अँकर’.

9. पोस्टकार्डं

पोस्टकार्डाला पत्राचाच साचा लावला की निम्मी माहिती बाहेर राहते. त्याला दोन बाजू आहेत आणि दोन्ही बोलतात: छापील मजकूर, चित्र, पत्ता, तिकीट, शिक्के, हस्तलिखित निरोप, कधी चित्रावरच काढलेला बाण आणि "या खिडकीत आमची खोली" अशी ओळ. अधिकृत पोस्टकार्ड पहिल्यांदा 1 ऑक्टोबर 1869 ला ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. आधी एका बाजूला फक्त पत्ता लिहायची मुभा होती, म्हणून चित्र असलेल्या कार्डांवर निरोप चित्राच्याच बाजूला, मोकळ्या कडेवर कोंबलेला दिसतो. पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करून डावीकडे निरोप लिहायला ब्रिटनने 1902 मध्ये परवानगी दिली, जर्मनीने 1905 मध्ये, अमेरिकेने 1907 मध्ये. तारीख नसलेलं कार्ड हातात आलं तर आधी त्याची मागची बाजू विभागलेली आहे का हे बघा. ते कार्ड साधारण कोणत्या वर्षानंतर छापलेलं आहे याचा अंदाज तिथेच येतो. छापलं कधी आणि लिहिलं कधी यात मात्र अंतर असू शकतं, लोक जुनी कार्डं वर्षानुवर्षं जपून ठेवत.

बांधणी अशी ठेवते. ‘फॅक्सिमिली’ या प्रतिमांच्या भागात दोन ‘सरफेस’, एकेका बाजूसाठी एक. प्रत्येकात महत्त्वाच्या भागांना ‘झोन’. मजकुरात दोन ‘डिव्ह’: चित्राची बाजू, पत्त्याची बाजू. चित्राला ‘फिगर’ आणि त्यात ‘फिग-डेस्क’ने दोन-तीन ओळींचं वर्णन. छापील ओळ हाताने लिहिलेल्या मजकुरात मिसळू नये म्हणून ‘सेग’ या मजकुराच्या तुकड्याच्या टॅगला प्रकार देऊन वेगळी ठेवा. चित्राखालची छापील ओळ प्रकाशकाची असते, पाठवणाऱ्याची नाही. शोधात एखाद्या गावाचं नाव आलं आणि ते छापील ओळीतून आलेलं असेल तर अभ्यासकाची दिशाभूल होते. पत्त्याला ‘ॲड्रेस’ आणि ओळीओळीला ‘ॲडर-लाइन’.

टपालशिक्क्यांसाठी ‘स्टॅम्प’ टॅग आहे, त्याला प्रकार द्या, म्हणजे शिक्का, तिकीट आणि सेन्सॉरची खूण वेगळ्या राहतील. शिक्क्यावरची तारीख ही टपालखात्याने कार्ड हाताळल्याची तारीख आहे. लिहिल्याची तारीख वेगळी असू शकते. कार्डावर लेखकाची तारीख नसेल तर शिक्क्याची तारीख ‘नॉट-आफ्टर’ म्हणून वापरा, थेट ‘व्हेन’ म्हणून नाही. दोन शिक्के असतील तर साधारणपणे एक निघाल्याचा आणि दुसरा पोचल्याचा असतो. दुसरा ‘मिळालं’ या कृतीची तारीख ठरवायला कामी येतो. युद्धकाळातल्या लष्करी टपालात ठिकाणाच्या जागी अनेकदा फक्त टपाल कार्यालयाचा क्रमांक असतो. तो क्रमांक मजकुरात जसाच्या तसा ठेवा, आणि त्यावरून ठिकाण काढलं असेल तर ते हेडरमध्ये, खात्रीच्या खुणेसह.

तिकीट उचकटून नेलेलं असेल तर तिथला शिक्काही अर्धा गेलेला असतो. अशा जागी ‘गॅप’ टाका आणि कारण लिहा. तिकीट उलटं किंवा तिरकं चिकटवलेलं असेल तर तेही नोंदवा, त्यातून मुद्दाम इशारे दिले जात.

10. माणसं आणि ठिकाणं

मजकुरातली नावं ‘पर्स-नेम’ आणि ‘प्लेस-नेम’मध्ये घाला आणि प्रत्येकाला ‘रेफ’ने एका सामाईक नोंदीशी जोडा. माणसांची आणि ठिकाणांची सूची एका वेगळ्या फाइलमध्ये, प्रत्येक व्यक्तीची एकच नोंद. पत्रात ती व्यक्ती टोपणनावाने, नात्याने किंवा आद्याक्षराने येईल, पण जोडली जाईल त्याच नोंदीला. त्या नोंदीतून पुढे व्हीआयएएफ, जीएनडी किंवा विकिडेटा या सार्वजनिक सूचींतला ओळखक्रमांक द्या, ठिकाणांना जिओनेम्स या स्थळसूचीतला. मजकुरात थेट बाहेरचा दुवा टाकला तर माणूस चुकीचा ओळखल्याचं लक्षात आल्यावर पन्नास जागी दुरुस्ती करावी लागते. सूचीत असेल तर एकाच जागी.

सारख्या नावाच्या दोन व्यक्ती, बाप-लेकांचं एकच नाव, लग्नानंतर बदललेलं नाव, यांवर घाईने शिक्का मारू नका. ओळख पटली नसेल तर "अनोळखी" अशी एकच नोंद करून सगळ्या अनोळखींना तिथे जोडण्याचा मोह टाळा. प्रत्येक अनोळखी माणसाला स्वतःची नोंद द्या. पुढे ओळख पटली की दोन नोंदी एकत्र करणं सोपं असतं, एकीत मिसळलेली दहा माणसं वेगळी काढणं फार जड जातं.

11. तपासणी

फाइल सुघटित असणं म्हणजे टॅग उघडले-बंद झाले. वैध असणं म्हणजे ते टीईआयच्या आणि तुमच्या स्कीमाच्या नियमांत बसले. आणि बरोबर असणं म्हणजे पत्रात खरंच तसं आहे. पहिल्या दोन गोष्टी यंत्र सांगतं. मजकुरात मोकळं ‘अँपरसँड’ (&) चिन्ह राहिलं की फाइल उघडतच नाही, हा सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त वेळा येणारा अडथळा. त्या जागी त्याचं एक्सएमएल रूप लिहावं लागतं.

काही नियम स्कीमाला सांगता येत नाहीत, ते स्किमॅट्रॉन या नियम लिहायच्या भाषेत सांगता येतात: प्रत्येक ‘पर्स-नेम’ला ‘रेफ’ आहे का, तो सूचीत सापडतो का, ‘नॉट-बिफोर’ची तारीख ‘नॉट-आफ्टर’च्या आधीची आहे का, उत्तराची तारीख मूळ पत्राच्या आधीची तर नाही ना. असे दहा-बारा नियम लिहून ठेवले की रोज संध्याकाळी सगळ्या फाइलींवर एकदा चालवा. प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदवताना काय बदललं आणि का, हे एका वाक्यात लिहा. तारीख किंवा ओळख यांसारखे मोठे बदल हेडरच्या ‘रिव्हिजन-डेस्क’मध्येही.

12. प्रकाशन

संकेतस्थळ बनवायला टीईआय पब्लिशर किंवा ईव्हीटी ही खुली साधनं आहेत. पण संकेतस्थळं बंद पडतात, फाइली उरतात. म्हणून टीईआय फाइली, स्कीमा आणि संपादनाचे नियम हे सगळं एकत्र एखाद्या कायमस्वरूपी संचयात ठेवा, जिथे डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. सर्न ही युरोपीय संशोधनसंस्था चालवत असलेलं झेनोडो फुकट आहे. परवाना स्पष्ट लिहा, प्रतिमांसाठी वेगळा असेल तर तोही.

शेवटी पत्रांची माहिती सीएमआयएफ या देवाणघेवाणीच्या स्वरूपात काढा. ही एकच टीईआय फाइल असते. तिच्यात प्रत्येक पत्राचा ‘कॉरेस्प-डेस्क’ असतो: पाठवणारा, घेणारा, ठिकाण, तारीख आणि पत्राचा दुवा. माणसं आणि ठिकाणं बाहेरच्या सूचींच्या ओळखक्रमांकांनी दिलेली असतात. ही फाइल सीसी-बाय परवान्याने (श्रेय देऊन कोणालाही वापरता येईल अशी) खुली करून बर्लिन-ब्रँडेनबुर्ग अकादमीच्या कॉरेस्प-सर्च या सेवेला कळवली, की तुमची पत्रं इतर आवृत्त्यांतल्या पत्रांसोबत शोधता येतात. एखाद्या माणसाला एकाच महिन्यात चार वेगवेगळ्या आवृत्त्यांतून कोणी कोणी लिहिलं, हे तिथे एका शोधात दिसतं. हेडरचं काम नीट झालेलं असेल तर ही फाइल एका छोट्या स्क्रिप्टने तयार होते. नसेल तर सीएमआयएफ क्रिएटर नावाचं ऑनलाइन साधन आहे, त्यात एकेक पत्र हाताने भरता येतं. आवृत्ती निघाल्यावर नवं पत्र सापडलं तर त्याला यादीतला पुढचा मोकळा क्रमांक द्या, आधीच्या-नंतरच्या पत्रांचे ‘कॉरेस्प-कॉन्टेक्स्ट’मधले दुवे बदला, सीएमआयएफ फाइल पुन्हा काढा आणि झेनोडोवर नवी आवृत्ती चढवा.